बाबांच्या वर्षश्राद्धाला काढायची पुस्तिका: घरचे बाबा आणि छापखान्यातले बाबा

कारेलीबागेची लेक (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील गेल्या श्रावणात गेले. येत्या वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका छापून ती आप्तांना आणि त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना द्यावी, असे मी आणि माझ्या भावाने ठरवले आहे. त्या कामात एक अडचण आली असून ती केवळ छपाईची नाही, म्हणून येथील जाणत्या मंडळींपुढे ती सविस्तर मांडते.

बाबांचे सारे आयुष्य बडोद्यात गेले. रावपुऱ्यातील एका छापखान्यात ते ऐन तारुण्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवायला लागले आणि मराठी, गुजराती व संस्कृत अशा तिन्ही भाषांची जुळणी त्यांनी अनेक वर्षे केली. पुढे संगणक आले, शिशाचे खिळे वजनावर विकले गेले, आणि बाबा त्याच छापखान्यात मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासू लागले. तेथूनच ते निवृत्त झाले. घरात ते अतिशय मितभाषी होते. रागावत नसत, कोणाला दुखवत नसत, आमच्या वह्यांना स्वतः पुठ्ठे घालून देत, आईच्या आजारपणात पहाटे उठून चूल सांभाळत. पण बोलणे असे फारसे नव्हते. संध्याकाळी आल्यावर हातपाय धुऊन गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि ओसरीवर डोळे मिटून बसायचे, हेच त्यांचे चित्र आम्हा भावंडांच्या मनात आहे. त्यांच्या डाव्या अंगठ्याचे पेर दगडासारखे टणक होते. लहानपणी मी ते पेर दाबून पाहत असे, ते हसत, पण ते तसे का झाले हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही.

त्यांच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, छापखान्यातले पाच-सहा जण आले होते. बरेचसे गुजराती, सगळेच आता वयस्क. त्यांनी जे बाबा सांगितले ते आम्हाला ठाऊकच नव्हते. काम करता करता अभंग म्हणणारे, नव्या पोरांना गोष्टी सांगून सांगून केस, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतले खाने, पाठ करवून घेणारे, मालकाच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करून सगळ्या खोलीला हसवणारे. मी आणि माझा भाऊ ते ऐकून भारावून गेलो. आई मात्र शांत बसून होती. मंडळी गेल्यावर ती एवढेच म्हणाली, "माझ्याशी हे इतके कधीच बोलले नाहीत." तेव्हापासून पुस्तिकेचा विषय काढला की ती म्हणते, "त्यांच्या मित्रांकडूनच लिहून घ्या, त्यांना जास्त ठाऊक आहे."

माझे प्रश्न असे आहेत. सहकाऱ्यांच्या आठवणी आईला दुखावणार असतील, तर त्या छापाव्यात का? घरचे बाबा आणि छापखान्यातले बाबा इतके वेगळे असताना पुस्तिकेत एकच चित्र कसे उभे करावे? आणि त्या वृद्ध सहकाऱ्यांकडून आठवणी मिळवायच्या कशा, कारण त्यांपैकी कोणीही स्वतः लिहून देईल असे वाटत नाही. बाबांची जुळणीची स्टिक (खिळे ओळीत रचायची हातातली पट्टी), थोडे खिळे आणि काही जुनी प्रुफे आमच्याकडे आहेत, त्यांचे काय करावे हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

जुना जुळारी, दांडिया बाजार

ताई, आपल्या वडिलांना माझा आदरपूर्वक नमस्कार. मी त्यांच्या छापखान्यात नव्हतो, पण याच शहरात, याच कामात माझे आयुष्य गेले, त्यामुळे आपण विचारलेल्या दोन-तीन गोष्टींविषयी मला खात्रीने बोलता येईल.

पहिली गोष्ट अंगठ्याची. जुळारी स्टिक डाव्या हातात धरतो. उजव्या हाताने केसमधल्या खान्यांतून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये ठेवायचा आणि ठेवलेला शेवटचा खिळा डाव्या अंगठ्याने दाबून धरायचा, म्हणजे ओळ कोसळत नाही. दिवसभर उभ्याने हेच करायचे. अंगठा खिळ्यांबरोबर ओळीच्या टोकापर्यंत सरकत जातो, ओळ भरली की पुन्हा मागे येतो. वर्षानुवर्षे असे केल्यावर ते पेर टणक होते. माझेही आहे. ज्या पेराला आपण लहानपणी हात लावत होता, त्यावर आपल्या वडिलांचे सारे काम जमा झालेले होते, आणि हे पुस्तिकेत अवश्य यावे असे मला वाटते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. बाहेरच्या माणसाला वाटते की छापखाना म्हणजे गोंगाट. ट्रेडलचा, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्राचा, आवाज असायचाच, पण जुळणीच्या खोलीत जुळणी चालू असताना कोणी बोलत नसे. डोळे हस्तलिखितावर, हात केसमध्ये, आणि स्टिकमधले अक्षर उलटे. खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखे असते आणि स्टिकमध्ये ते डोके खाली करून रचले जाते, म्हणजे आपण ओळ डावीकडून उजवीकडेच वाचतो, पण उलटी धरलेली. त्यातून देवनागरीचे काम गुजरातीपेक्षा जड. गुजरातीला शिरोरेषा नाही, एखादा खिळा किंचित बसला-उठला तरी डोळ्यांना खुपत नाही. देवनागरीत वरची रेघ अखंड दिसली पाहिजे, शिवाय मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे. एक मात्रा तुटली की ती बदलताना सगळी ओळ सैल होते आणि पुन्हा आवळावी लागते. संस्कृतच्या तळटिपा असतील तर विचारायलाच नको, बारीक टाइप आणि प्रत्येक शब्दागणिक जोडाक्षर.

मग गोष्टी आणि अभंग केव्हा? ते जुळणी मोडताना. एकत्र छापायच्या पानांचा फॉर्मा छापून झाला की खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खान्यांत टाकायचे असतात, कारण तेच खिळे उद्याच्या पानाला लागतात. हे काम सरावलेल्या माणसाच्या हाताला पाठ झालेले असते. चार ओळी डाव्या हातात घ्यायच्या, एक शब्द वाचायचा आणि त्याची अक्षरे न पाहता त्या-त्या खान्यात सोडत जायची. त्या वेळी तोंड मोकळे असते. आमच्याकडेही सगळ्या गोष्टी, सगळी गाणी, सगळ्या नकला मोडणीच्या वेळीच होत, आणि नवी पोरेही तेव्हाच शिकत, कारण केसमधला कोणता खाना कोठे आहे हे मोडणी करतानाच अंगात भिनते.

तिसरी गोष्ट गुळाची. खिळ्यांच्या धातूत शिसे मुख्य, जोडीला अँटिमनी आणि कथील. शिशाच्या धुळीवर उतारा म्हणून गूळ खावा, असे आमच्या वेळच्या छापखान्यांत सगळे मानत. त्याने कितपत उपयोग होई हे डॉक्टर सांगू शकतील, पण खाणारे श्रद्धेने खात. आपल्या वडिलांचा तो खडा बहुधा तेथूनच घरी आला असावा.

आता आपल्या मातोश्रींविषयी. दिवसभर बारीक टाइपात उलटे वाचून संध्याकाळी डोळे इतके शिणत की घरी गेल्यावर कोणाच्या चेहऱ्याकडे पाहणेही नको वाटे. मी स्वतः तसाच बसत असे. कृपा करून हे त्यांना सांगा. त्यांचे पती त्यांच्याशी बोलत नव्हते ते प्रेम कमी होते म्हणून नव्हे.

मांजलपूरच्या आजी

बाळ, तुझा प्रश्न वाचल्यापासून मनातून जात नाही. वरच्या भाऊंनी कामाचे इतके बारकाईने सांगितले, ते वाचून मलाही पुष्कळ कळले. पण त्यांच्या शेवटच्या सूचनेविषयी मला काही वेगळे सांगायचे आहे.

माझे यजमान जाऊन आता बराच काळ झाला. ते शिकवत असत, आणि त्यांच्या शोकसभेत विद्यार्थ्यांनी जी भाषणे केली त्यांत ते वर्गात कसे बोलत, कसे हसवत, कोणाला घरी नेऊन कसे जेवू घालत हे सगळे आले. जेवण मी रांधत असे. ते विद्यार्थी मला आठवत होते, त्यांतल्या काहींना दोनदा वाढलेली भाजीही आठवत होती, पण त्या दिवशी मला कोणी विचारले नाही. पहिल्या वर्षात विधवा बाईला भेटायला येणारा जो-तो तिला तिच्याच नवऱ्याविषयी काहीतरी सांगून जातो. ऐकून घेणे एवढेच तिचे काम उरते. हळूहळू तिला वाटू लागते की आपल्याजवळचे जे आहे ते सांगण्यासारखे नाहीच, कारण ते सगळे डबा, औषध, उशी, पंखा यांतच आहे.

म्हणून तुझ्या आईला "बाबा थकायचे म्हणून बोलत नसत" असे कारण देऊ नकोस. कारण ऐकल्याने तिचे दुखणे कमी होणार नाही, उलट आणखी एका माणसाने तिला तिचा नवरा समजावून सांगितला असे होईल. ती ज्या माणसाबरोबर राहिली तो गप्प बसणारा होता, आणि त्या गप्प बसण्यातले बरेच काही तिला वाचता येत होते, जे त्या पाच-सहा जणांना ठाऊक असणे शक्यच नाही. ते तिच्याकडून घे.

पण "आई, बाबांची एक आठवण सांग" असे म्हणू नकोस. असे विचारल्यावर माणसाला काही सुचत नाही, आणि सुचले तर भाषणासारखे सुचते. वस्तू आणि दिवस धरून विचार. डब्यात कोणती भाजी परत यायची? ताप आला की ते अंथरुणात कसे पडत? पगाराचे पाकीट कोठे ठेवत आणि ते तुला कसे देत? श्रीखंड घरी व्हायचे की दुधवाल्याकडून चक्का यायचा? तू भांडलीस तर ते किती दिवस गप्प बसत आणि मग पहिले वाक्य कोणते असायचे? भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना विचार, समोर वही घेऊन बसू नकोस. आणि तिने वर्षश्राद्धापर्यंत सांगितले नाही तर सांगितले नाही. पुस्तिका नंतरही निघू शकते. तिथी पाळायची ती श्राद्धाची, पुस्तिकेला तिथी नसते.

आपल्याकडे रावपुऱ्यात टॉवर आहे ना, तो सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये बांधला. त्या गेल्या १८८५ मध्ये, अगदी तरुणपणी. माझा जन्म त्याच भागातला, रोज त्या घड्याळाखालून शाळेत गेले. महाराजांचे त्यांच्यावर किती प्रेम असेल ते त्या टॉवरवरून कळते, पण राणीसाहेब घरात कशा वागत, कशाला हसत, हे त्यावरून काही कळत नाही. तुम्हा मुलांना टॉवर बांधायचा नाही, तुम्हाला बाबा हवे आहेत. तेव्हा "कर्तव्यनिष्ठ", "प्रेमळ", "हसतमुख" असले शब्द त्या पुस्तिकेत शक्यतो येऊ देऊ नका. एकही नाही आला तर फार चांगले.

जुने कागद सांभाळणारा

माझे काम ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांची आणि कागदपत्रांची देखभाल करण्याचे आहे, त्यामुळे मी मुख्यतः व्यवहाराचे लिहितो. मात्र ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे एकच चित्र कसे उभे करावे याविषयी, आधी माझे मत सांगतो: उभे करू नये. प्रत्येक आठवणीवर ती कोणाची, कोणत्या काळातली आणि कोठे सांगितलेली आहे एवढे लिहावे आणि दोन आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर दोन्ही तशाच छापाव्यात. घरच्यांनी मध्ये बसून त्यांचा मेळ घातला की दोन्हींतला माणूस निघून जातो. मी अशा अनेक स्मरणिका हाताळल्या आहेत. ज्यांत सगळ्यांनी एकाच सुरात लिहिले आहे त्या वाचून त्या गृहस्थांविषयी काहीच हाती लागत नाही. त्या मुलांनी काढल्या की संस्थेने, हेसुद्धा ओळखता येत नाही.

सहकाऱ्यांना लिहायला सांगू नका, त्यांना बोलू द्या आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा. त्यांची परवानगी आधी घ्या आणि ती ध्वनिमुद्रणातच येऊ द्या. सुरुवातीला स्वतः तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव उच्चारा, म्हणजे पुढे फाइल कोठेही गेली तरी ओळख राहते. पंखा बंद करा, निदान फोन त्याच्या झोतात ठेवू नका, आणि फोन विमान मोडवर टाका. एका वेळी एकालाच भेटा, कारण चौघे एकत्र आले की जो मोठ्याने बोलतो त्याचीच आठवण सगळ्यांची होते. "बाबा कसे होते" असे न विचारता "सकाळी छापखान्यात शिरल्यावर आधी काय करायचे" असे विचारा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती स्टिक बरोबर न्या आणि त्यांच्या हातात द्या. ज्याने हे काम केले आहे त्याचा अंगठा आपोआप जागेवर जाईल आणि तेथून बोलणे सुरू होईल. मध्ये थांबले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. वयस्क माणसे थांबतात तेव्हा बहुधा आठवत असतात. तासाभराने निरोप घ्या आणि काही दिवसांनी पुन्हा जा, कारण पहिल्या भेटीनंतर रात्री त्यांना जे आठवते ते अधिक मोलाचे असते.

आणखी एक गोष्ट, जी कदाचित आपल्या लक्षात आली नसेल. जुळाऱ्याचे नाव पुस्तकावर छापत नाहीत. परंतु १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक होते, आणि म्हणूनच जुन्या पुस्तकांच्या शीर्षकपानामागे किंवा शेवटच्या पानावर "मुद्रक" अशी ओळ सापडते. वडिलांच्या नोकरीची वर्षे आपल्याला ठाऊक आहेत. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत, जी १९१० पासूनच्या ग्रंथालय चळवळीचे केंद्र आहे, मराठी विभागात जा आणि त्या वर्षांतली बडोद्यात छापलेली पुस्तके काढून मुद्रकाची ओळ पाहा. त्या छापखान्याची जी सापडतील त्यांच्या शीर्षकपानांची छायाचित्रे परवानगीने घ्या आणि सहकाऱ्यांना दाखवा. कोणते पुस्तक कोणी जुळवले हे या मंडळींना आश्चर्य वाटावे इतके पक्के आठवते, विशेषतः ज्याने त्रास दिला ते पुस्तक. आपल्या वडिलांनी जुळवलेल्या पुस्तकांची यादी त्या पुस्तिकेत आली, तर तशी यादी या शहरात फारशा कोणा जुळाऱ्याची झालेली नसेल.

आता वस्तूंचे. प्रुफे ज्या कागदावर काढत तो बहुधा स्वस्त, लगद्याचा असे. अशा कागदात लाकडातले लिग्निन राहते, ते उजेडाने आणि हवेने पिवळे पडते आणि कागद आम्लामुळे ठिसूळ होतो. ती काचेत घालून भिंतीवर टांगू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कारण ते परत काढता येत नाही. चिकटपट्टीही लावू नका. घडी असेल तर हळू उलगडून सपाट ठेवा, दोन प्रुफांमध्ये आम्लरहित कागद घाला आणि अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. छायाचित्रांच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलीने कडेला लिहा. प्रुफांचे स्कॅन ३०० डीपीआयला चालतील, लहान छायाचित्रांचे ६०० ला करा. स्टिक लोखंडी असेल तर कोरड्या फडक्याने पुसून पातळ तेलाचा अगदी हलका हात फिरवा, चिंचेने किंवा पावडरने घासू नका. खिळे मात्र सुंदर सागवानी पेटीत ठेवायचा मोह होईल, तो टाळा. लाकडातून आम्लाच्या वाफा निघतात आणि बंद पेटीत त्यांनी शिशावर पांढरी भुकटी चढते, जी विषारी असते. ते कागदी डबीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा आणि हाताळल्यावर हात धुवा.

शेवटचे म्हणजे प्रती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतर ओल्या अल्बमच्या पिशव्या घेऊन कित्येक लोक आमच्याकडे आले होते, आणि एकमेकांना चिकटून वाळलेल्या छायाचित्रांचे फारसे काही करता येत नाही. ध्वनिमुद्रणांच्या आणि स्कॅनच्या तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे ठेवा, आणि मूळ वस्तू तळमजल्यावर ठेवू नका.

अकोट्याचा एक मुलगा

वरील सर्वांनी लिहिल्यावर माझे थोडेच उरते. माझ्या वडिलांच्या पुस्तिकेच्या वेळी त्यांच्या कार्यालयातील एका गृहस्थांनी सांगितले की त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी वडिलांनी स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून दिली होती. आमच्या आईला हे माहीत नव्हते, आणि त्याच वर्षी घरात माझ्या शिक्षणाच्या पैशांची ओढाताण होती. सांगणाऱ्याने कृतज्ञतेनेच सांगितले, पण आमच्या घरात ते सरळ पोचले नाही. आम्ही ती आठवण छापली नाही. त्या गृहस्थांना मात्र आईने स्वतः फोन करून, सांगितल्याबद्दल आभार मानले.

म्हणून ताईंना एवढेच सुचवतो की सहकाऱ्यांनी जे सांगितले ते छापण्यापूर्वी आपल्या आईने एकटीने वाचावे आणि नको म्हणण्याचा अधिकार तिला असावा, कारणे न विचारता. तसेच ज्यांना मदत झाली त्यांची नावे त्यांच्या संमतीशिवाय येऊ नयेत. ध्वनिमुद्रणात मात्र सारे राहू द्या. छापणे आणि जपणे यांत हा फरक ठेवता येतो.

कारेलीबागेची लेक

आपणा सर्वांचे उत्तर वाचून मला काय वाटले ते नीट लिहिता येणार नाही, म्हणून जे घडले तेवढेच लिहिते.

जुळारीकाकांचे उत्तर मी आईला वाचून दाखवले. आजींनी सांगितल्याप्रमाणे शेवटचा परिच्छेद मुद्दाम गाळला. अंगठ्याचे ऐकून ती काही बोलली नाही. गुळाचे ऐकल्यावर मात्र लगेच म्हणाली, "हे खरे नाही. गूळ ते लहानपणापासून खायचे, सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितले होते की याला जेवणाआधी गूळ लागतो, तो लपवून ठेवत जा." आणि मग गुळाची ढेप कोठून यायची, कोल्हापूरचा त्यांना का आवडत नसे, दिवाळीत एकदा चिक्की बिघडली तेव्हा त्यांनी ती एकट्याने कशी संपवली, असे ती बराच वेळ सांगत राहिली. मी वही घेतली नाही. रात्री आठवून आठवून लिहून काढले.

दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन विचारले की त्या लोकांनी अभंग म्हणत असे सांगितले, तर कोणता म्हणत असत. मला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "विचार त्यांना. घरी पूजा करताना ते एकच पुटपुटत, आवाज निघत नसे, पण ओठांवरून मला कळायचे. तोच आहे का ते मला पाहायचे आहे." हे विचारायला मी या रविवारी त्यांच्यापैकी सर्वांत वयस्क काकांकडे, शहरातल्या वाडी भागात, जाणार आहे, स्टिक बरोबर घेऊन. आई येईल की नाही ते तिने अजून सांगितलेले नाही. गुळाच्या दोन्ही हकिकती आम्ही पुस्तिकेत लागोपाठ छापणार आहोत, जुळारीकाकांची त्यांच्या परवानगीने. आणि अकोट्याच्या दादांनी सुचवल्याप्रमाणे छापण्यापूर्वी सगळे आईच्या हातात जाईल.

एक प्रश्न उरला आहे. हे काका गुजरातीत बोलणार. त्यांचे बोलणे मराठीत करून छापावे की तसेच ठेवावे? आमच्या पुण्याच्या नातेवाइकांना गुजराती लिपी वाचता येत नाही.

जुना जुळारी, दांडिया बाजार

माझी परवानगी आनंदाने आहे. गुळाच्या बाबतीत मातोश्रींचेच खरे मानावे, मी केवळ अंदाज केला होता. आणि आजी म्हणाल्या ते मला पटले, मी शेवटी लिहिले ते माझ्या घरचे होते, आपल्या घरचे नव्हे.

जुने कागद सांभाळणारा

गुजराती तसेच ठेवा, गुजराती लिपीत, आणि खाली मराठीत आशय द्या. आपल्या वडिलांनी दोन्ही लिप्या हाताने जुळवल्या आहेत, तेव्हा त्यांच्या पुस्तिकेत दोन्ही शेजारी येणे योग्यच होईल, आणि पुण्याच्या मंडळींना आशय कळेल. मराठी आशय मात्र छोटा ठेवा, त्यात आपले शब्द घालून तो फुलवू नका. अक्षरजुळणी करणाऱ्याला दोन्ही लिप्या एकाच पानावर बसवताना टाइपाचा आकार थोडा कमीजास्त करावा लागेल, कारण शिरोरेषेमुळे देवनागरी त्याच मापातही मोठी दिसते. आणि छापायला देण्यापूर्वी गुजराती मजकुराचे प्रूफ त्या काकांनाच तपासायला द्या. मोठ्या टाइपात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून काढा. बरोबर लाल पेन्सिल न्यायला विसरू नका.